राधिकेचा वाफा

माझ्या सगळ्या नोकरीत मी एकाच बाईचा मनापासून हेवा केला. तिचं नाव गौराबाई. मुली तिला गौराक्का म्हणत. तोंडावर मी तिला अहो-जाहो करी. मनात मात्र ती नेहमी 'ती'च होती, आणि आज लिहितानाही हात तिथंच जातो.

सत्तावीस-अठ्ठावीस सालच्या आसपासची गोष्ट. सोलापुरात मुलींच्या एका मराठी शाळेत मी शिक्षिका होते. लहानपणीच वैधव्य आलेलं, थोरल्या भावानं हट्टानं पुण्याला पाठवून ट्रेनिंग कॉलेजात शिकवलेलं. शिक्षण हेच माझं सगळं भांडवल. शाळेत माझ्याइतकं शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं. हे मला माहीत होतं, तसं इतरांनाही माहीत असावं याची मी फार काळजी घेत असे.

गौराबाई आली ती शिवण शिकवायला. वळसंगकडची, लिंगायत घरातली. नवऱ्यानं दुसरी बायको केल्यावर म्हाताऱ्या आईला घेऊन शहरात आलेली. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि शेजारच्या विणकर बायांशी मोडकंतोडकं तेलुगूही. उंच, हाडापेरानं मजबूत, अंगावर इरकली लुगडं, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. पहिल्या दिवशी वर्गात उभी राहून म्हणाली, "पोरींनो, माझं मराठी असं हाय. चुकलं तर सांगा की."

मुली खदखदा हसल्या. मी शेजारच्या वर्गातून ते ऐकलं आणि मला बरं वाटलं. आठ दिवसांनी त्याच मुली मधल्या सुटीत तिच्याभोवती कोंडाळं करून बसायला लागल्या. मग मला बरं वाटेनासं झालं.

तिला चाखायची सवय होती. चिंचेचा कोवळा पाला, शेवग्याचं फूल, कुंपणावरची कुठली तरी रानवेल, जे दिसेल त्याचं एक पान तोडून ती दाताखाली धरायची आणि डोळे मिटून उभी राहायची. माती चिमटीत धरून हुंगायची. कडू तर तिला फारच आवडे. कानडीत कडूला 'कहि' म्हणतात. कारलं असो, मेथी असो, कडुनिंबाची कोवळी पालवी असो, खाल्लं की ती समाधानानं 'कहि' म्हणायची. "बाई, गोड काय, कुनालाबी आवडतंय," ती एकदा मला म्हणाली. "कडू आवडायला माणूस जरा जून व्हावं लागतंय." ती माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी होती. हे वाक्य मी मुद्दाम माझ्या अंगावर घेतलं आणि बरेच दिवस धुमसत राहिले.

जेवायला ती बसत नसे. शाळेमागच्या पडीक जागेत उभ्यानं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायची, आणि खाता खाता ती जागा नजरेनं मोजायची. कुणी काही मागितलं तर 'नाही' हा शब्द तिच्या तोंडून येत नसे. "बघू की," म्हणायची. आणि बघायची.

त्या पडीक जागेत बाग करायची कल्पना तिचीच. आमच्या त्या वेळच्या मोठ्या बाई म्हाताऱ्या होत्या. दोनेक वर्षांत निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांनी हो म्हटलं. मुलींनी दगड वेचले, गौराबाईनं पदर खोचून कुदळ मारली. विहिरीचं पाणी मचूळ आणि उन्हाळ्यात तळाला जाणारं. तर पाट्या धुतलेलं, हात धुतलेलं सगळं पाणी एका रांजणात जमवायचं ठरलं. मेथी, चाकवत, मुळा, अंबाडी अशा भाज्या आल्या. मी म्हणाले, "शाळा आहे, मळा नव्हे." ती हसली. मला उलट उत्तर आलं असतं तर बरं झालं असतं.

तिची आई पायाच्या जखमेनं आजारी होती. चिघळलेली जखम, वर्षानुवर्षांची. शहराबाहेर मिशनचा एक छोटा दवाखाना होता, तिथं दर रविवारी ती आईला टांग्यातून मलमपट्टीला न्यायची. तिथल्या एक वयस्कर नर्सबाई इटली देशाच्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, गौराबाईला इंग्रजी येत नव्हतं, पण दवाखान्याच्या मागं त्यांनी लावलेली कोथिंबीर हिनं पाहिली, आणि दोघींचं जमलं. त्या बाईंच्या भावानं देशाहून पत्रात घालून पाठवलेलं बी त्यांनी हिला एका पुडीत बांधून दिलं. आमच्या मोठ्या बाईंना थोडं इंग्रजी येत होतं. पुडीवरच्या चिठ्ठीतून एवढंच कळलं, की हा पाला कडू असतो, थंडीत लाल होतो आणि कोबीसारखा गड्डा धरतो.

"लाल होतो म्हंजे कोन करतंय लाल?" गौराबाईनं विचारलं.

"थंडी," मोठ्या बाई म्हणाल्या.

"आणि सोलापुरात थंडी कुठली?" हे मी म्हणाले.

नाव होतं रादिक्क्यो. मुलींच्या जिभेवर ते टिकलं नाही. दोन दिवसांत त्याची राधिका झाली. राधिकेला पाणी घातलं का, राधिकेला ऊन लागतंय, असं दिवसभर कानावर पडायचं.

पहिल्या वर्षी तिनं मृगात बी टाकलं, बाकी भाज्यांबरोबर. रोपं आली, पानं हिरवीगार, आणि महिना दीड महिन्यात शेंडे सरळ वर चढले. कमरेइतके दांडे झाले, त्यांना निळी फुलं आली, आणि पानं निबर होऊन गेली. गड्डा नाही, लाली नाही. मुली हिरमुसल्या. मी रोज जाता-येता ती निळी फुलं बघायची. इतकी सुंदर फुलं मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि ती सुंदर वाटायचं कारण मला ठाऊक होतं.

ती मात्र दांड्यांशेजारी उकिडवी बसून पानं चावून बघत होती. "घाई आमीच केली," ती मुलींना म्हणाली. "ही थंडीची हाय. हिला उकडलं, म्हनून ही पळाली." पुडीतलं निम्मं बी तिनं राखून ठेवलं होतं. पुरचुंडी करून ते मडक्यात राखेत ठेवलं, आणि विषय संपवला.

त्याच वर्षी मला एक मोठं दुःख झालं. तिसरीच्या मुलींना मी व्यवहारी अपूर्णांक शिकवत होते. दोन आठवडे फळा भरून टाकला. मुली 'पाव' म्हणजे काय हे पाठ म्हणत, पण पाव आणि अर्धा मिळून किती विचारलं की पायाकडे बघत. एका शनिवारी मला ताप होता म्हणून तो वर्ग गौराबाईकडे गेला. सोमवारी मी येऊन गणित घातलं तर हात वर. बघते तो अर्धा वर्ग हात वर करून बसलेला. तिनं काय केलं होतं, तर मुलींना वाफ्यात नेऊन, सुतळीनं वाफ्याचे भाग पाडून, कुणाच्या वाट्याला किती मुळे येतात ते वाटायला लावलं होतं. मोजायची ती कानडीत. मुलीही 'ओंदु, एरडु, मूरु' म्हणायला शिकल्या होत्या.

मी तिला म्हणाले, "गौराबाई, अपूर्णांक शिकवायची एक पद्धत असते."

"असंल की," ती म्हणाली. "मला कुटं म्हाईत? मी वाटनी केली नुसती."

ती खरंच बोलत होती. तिच्यात मखलाशी असती तर माझं काम सोपं झालं असतं.

दुसऱ्या वर्षी तिनं भाद्रपद सरत आल्यावर बी टाकलं. वाफ्यावर कडब्याच्या तट्ट्या बांधून सावली केली. नवरात्रात रोपं वीतभर अंतरानं लावली. दिवाळीपर्यंत पानं हातभर झाली, पण हिरवीच. पालकासारखी दिसणारी, आणि चवीला अशी कडू की मोठ्या बाईंनी एक तुकडा तोंडात घालून लगेच पाणी मागितलं. मग एका रविवारी दवाखान्यातून ती काही तरी ऐकून आली. खरं तर पाहून आली, कारण नर्सबाईंनी कात्री घेऊन हातवाऱ्यांनीच समजावलं होतं. सोमवारी शाळा भरायच्या आधी तिनं विळा घेतला आणि सगळी रोपं जमिनीपासून बोटभर ठेवून कापून टाकली.

मुली रडायला लागल्या. दोन महिने पाणी घालून वाढवलेलं. एक तर म्हणाली, "आक्का, तुमी राधिकेला मारलं."

"मारलं न्हाई," ती म्हणाली. "जुनं काढलं. आता बघा."

मी वर्गात जाऊन मुलींना निबंध घातला. विषय होता 'अविचाराचे फळ'. हे आज लिहितानाही मला लाज वाटते, पण खरं ते असं आहे.

मार्गशीर्षात गार वारं सुटलं. सकाळी शाळेत येताना मुली कानाला पदर गुंडाळून येऊ लागल्या. त्या कापलेल्या बुडख्यांतून नवी पानं फुटली ती आखूड, गोल, एकमेकांना धरून. आधी कडेला तांबूस रेघ आली. मग दर सकाळी ती रेघ आत सरकत गेली. पौष उजाडेपर्यंत वाफ्यात मुठीएवढे गड्डे बसले होते, पिकल्या जांभळासारखा लाल रंग आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र शिरा. दव पडलेलं असताना ते बघायला मी एकदा सगळ्यांच्या आधी शाळेत गेले. कुणी नव्हतं. मी खाली बसले, एका गड्ड्याला हात लावला. तो थंडगार आणि घट्ट होता. माझ्या हातून आयुष्यात असं काही उगवलं नव्हतं.

गौराबाईनं पहिल्या गड्ड्याची पानं बारीक चिरून त्यात शेंगदाण्याचं कूट, गूळ, लिंबू घातलं, वरून मोहरीची फोडणी दिली आणि सगळ्या शाळेला चमचा चमचा वाटलं. कडू होतंच, पण गूळ आणि लिंबू यांच्या मागून येणारं कडू. मुलींनी तोंडं वाकडी केली आणि पुन्हा हात पुढं केला. मी घेतलं नाही. उपास आहे म्हणून सांगितलं.

त्याच महिन्यात तपासणीला शिक्षण खात्याच्या बाई आल्या, गोऱ्या बाई. माझ्या वर्गानं नकाशा दाखवला, कविता म्हटल्या, शुद्धलेखन दाखवलं. बाईंनी 'छान' म्हटलं आणि घड्याळ पाहिलं. मग खिडकीतून त्यांना तो लाल वाफा दिसला. त्या तिथं जवळजवळ तासभर होत्या. मुली त्यांना सावली का केली, कापलं का, लाल केव्हा झालं, सगळं सांगत होत्या, एकीचं तोंड मिटायच्या आत दुसरी. गौराबाई बाजूला उभी राहून नखातली माती काढत होती. जाताना बाई मोठ्या बाईंना म्हणाल्या, "तुमच्यानंतर ही शाळा कोणाकडे जाणार? त्या बागेतल्या बाईंचा विचार करा."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी शाळेच्या कमिटीतले एक वकील सहज शाळेत आले. वाफा बघून कौतुकानं मला म्हणाले, "हे बी आणलं कुठून?"

मी म्हणाले, "मिशनच्या दवाखान्यातून. तिथल्या बाईंनी दिलं. गौराबाई दर रविवारी तिकडे जातात."

बस, एवढंच. यातला एक शब्दही खोटा नव्हता. रविवारी ती कशाला जाते, हे मला माहीत होतं. तिच्या आईचा पाय मी स्वतः पाहिला होता. गळ्यात लिंग बांधून, सकाळी पूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणाऱ्या बाईला कुणी बाटवू शकत नाही, हेही मला माहीत होतं. वकिलांनी पुन्हा वाफ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला तो मी पाहिला. तरीही मी पुढचं वाक्य बोलले नाही.

आठ दिवसांत नऊ मुली शाळेतून निघाल्या. कुणाचा बाप म्हणाला, शाळेत मिशनचा पाला खायला घालतात. कुणाची आजी म्हणाली, ते लाल पान खाल्लं की पोरगी घरचं ऐकत नाही. कमिटीनं ठराव केला की बाग बंद. मोठ्या बाईंनी गौराबाईला बोलावून सांगितलं. आम्ही सगळ्या तिथं उभ्या होतो.

ती म्हणाली, "पोरी परत येतील का मग?"

"येतील," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मग काढते की."

दुपारी तिनं स्वतः वाफा उकरला. उरलेले गड्डे कापून टोपलीत टाकले, आणि मुळं मात्र एकेक करून अलगद, न मोडता बाहेर काढली. मुलींना वर्गात बसवून ठेवायचा हुकूम होता. मी खिडकीशी उभी राहून श्रुतलेखन सांगत होते. एकही मुलगी लिहीत नव्हती.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर ती माझ्या वर्गात आली. हात मातीनं भरलेले. दारातच उभी राहिली.

"बाई, वकीलसायेब मला भेटले," ती म्हणाली. "तुमी काय सांगितलं ते त्यांनी सांगितलं."

मी म्हणाले, "मी खोटं काही बोलले नाही."

"व्हय," ती म्हणाली. "खोटं न्हाई बोलला. पन सगळंबी न्हाई बोलला."

मी वह्या आवरत राहिले. तिनं वाट पाहिली. एखादं वाक्य माझ्याकडून येईल म्हणून तिनं खरोखर वाट पाहिली. मग "होगली," म्हणाली, म्हणजे जाऊ दे, आणि गेली.

मुली परत आल्या. उन्हाळ्याच्या सुटीनंतर मी मोठी बाई झाले. खुर्ची मिळाली, टेबल मिळालं, घंटेची वेळ माझ्या हातात आली. तिनं माझ्या हाताखाली आणखी वर्षभर शिवण शिकवलं, वेळेवर येऊन, वेळेवर जाऊन, एक टाका न चुकवता. मागची जागा पुन्हा पडीक झाली. ती तिकडे फिरकत नसे. भाकरी मात्र अजून उभ्यानंच खायची, आता व्हरांड्यात.

वाफा उकरल्यानंतर महिन्याभरानं एकदा मी तिच्या घरी गेले होते. आई वारली म्हणून. माणसं येऊन जाऊन होती. अंधाऱ्या माजघरात एका कोपऱ्यात डालग्याखाली झाकलेलं काही तरी होतं. शेजारच्या बाईनं मला ते उचलून दाखवलं. ओल्या वाळूच्या परातीत ती शाळेतली मुळं उभी रोवली होती, आणि त्यांना अंधारातच नवी पानं फुटली होती. नाजूक, लांबट, रेशमासारखी, पहिल्यापेक्षा लाल. "हेबी त्या नर्सबाईनंच शिकवलंय," शेजारीण म्हणाली. "म्हातारीला शेवटी शेवटी हेच तेवढं जायचं तोंडात. अंधारातलं म्हनं कमी कडू असतंय."

मी आईच्या समाचाराला गेले होते, आणि त्या घरातून बाहेर पडताना माझ्या मनात होतं ते हे, की हिचं इथंही उगवलं.

वर्षभरानं तिनं राजीनामा दिला. गावाकडं मुलींसाठी वर्ग काढते म्हणाली. मी तिला शिफारसपत्र लिहून दिलं. चांगलं लिहिलं. तीन वेळा लिहून फाडलं आणि चौथ्यांदा चांगलं लिहिलं. तिनं ते न वाचताच घडी घालून कमरेला खोचलं.

त्यानंतर सात-आठ वर्षं ती मला दिसली नाही. कधीमधी कानावर यायचं. देवळाच्या ओवरीत वर्ग भरतो, धनगरांच्या पोरी सकाळी मेंढरं सोडायच्या आधी येऊन अक्षरं गिरवून जातात, तिनं लिंबं लावली, दुष्काळात आड खोदवला. प्रत्येक बातमी मला टोचायची. मी माझ्या शाळेचे निकाल मनातल्या मनात पुढं मांडायची. आमचे निकाल जिल्ह्यात चांगले असत.

शेवटची ती मला नवी पेठेत दिसली. मी कापडाच्या दुकानात शाळेच्या निशाणासाठी कापड बघत होते. पलीकडच्या गादीपाशी ओळखीचा आवाज आला, कानडीत घासाघीस करणारा. केस पांढरे झाले होते, पाठ तशीच ताठ. तिच्याबरोबर सोळा-सतरा वर्षांची एक सावळी मुलगी होती, पायात नव्या वहाणा, आणि त्यांची सवय नसल्यानं एका जागी उभी.

मला बघताच ती उठून आली. "बाई, तुमी? बरं झालं बघा," असं म्हणाली, जणू आम्ही कालच भेटलो होतो. "ही आमची पोरगी. पुन्याला ट्रेनिंगला चाललीया. घरची न्हाई, वर्गातली. पन आमचीच." मुलीनं वाकून मला नमस्कार केला. "लुगडी घेतली दोन. आता सांगा, तुमी तितं ऱ्हायला होता. पुन्याला थंडी लई असती का? हिला धाबळी लागंल का?"

मी म्हणाले, "लागेल. मार्गशीर्षात पहाटे फार गारठा असतो. वसतिगृहाच्या खोल्या उत्तरेकडच्या आहेत. जाड घ्या, आणि दोन लुगडी पुरायची नाहीत, तिसरं असू द्या. आणि सुरुवातीला मुली हसतील हिच्या बोलण्याला. तिनं मनावर घेऊ नये."

इतकं सगळं मी का सांगितलं ते मला कळलं नाही. ती ऐकत होती. मग दुकानदाराकडे वळून म्हणाली, "जाड दाखव रे. आन् अजून एक लुगडं काढ." पुन्हा विचारलं नाही, दुसऱ्या कुणाला विचारून बघते असंही म्हणाली नाही.

धाबळी तिनं स्वतःच्या गालाला लावून पाहिली, मग मुलीच्या खांद्यावर टाकून पाहिली. भर दुपार होती, उकडत होतं, आणि ती मुलगी ती जाड धाबळी पांघरून दुकानात उभी राहून हसत होती. मग बोचकं बांधून दोघी पायऱ्या उतरल्या. गर्दीत चुकामूक होऊ नये म्हणून मुलीनं तिच्या पदराचं टोक धरलं होतं.

मी तिथंच उभी होते. माझ्या हाताखालून तोवर शेकडो मुली गेल्या होत्या, कितीतरी पुण्यालाही गेल्या होत्या. त्यांतल्या एखादीला तिथं थंडी वाजत असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.